नालबंदाच्या अंगणातली जपानी शिकवणी

गेल्या जानेवारीत मी चार दिवस नगर जिल्ह्यात फिरून आलो. देवदर्शन नव्हतं, लग्न नव्हतं, हुरड्याचं आमंत्रणही नव्हतं. मी जपानी शिकवायला गेलो होतो, आणि तेही काष्टीला. पुण्यात ज्याला ज्याला हे सांगितलं, त्याने माझ्याकडे 'वय झालं की व्हायचंच' अशा नजरेने पाहिलं. तेव्हा म्हटलं, एकदा सगळं बैजवार लिहून काढावं.

आधी माझ्याबद्दल. एका कारखान्यात जपानी यंत्रांच्या माहितीपुस्तकांची भाषांतरं करण्यात माझी सगळी नोकरी गेली. संध्याकाळी नवशिक्यांचे जपानीचे वर्ग घ्यायचो. नोकरी संपली, वर्ग सुटले नाहीत. आता ते मोबाईलवर भरतात. माझा स्वभाव तिरसट आहे असं विद्यार्थी माझ्यामागे म्हणतात, आणि त्यात काही खोटं नाही.

या मोबाईलच्या वर्गात दीड वर्षापूर्वी काष्टीची शबाना आली. नर्सिंगचा कोर्स झालेली, तेवीस वर्षांची. तिच्या चौकोनातून सारखा ठोकण्याचा आवाज यायचा. 'आवाज बंद ठेव' म्हणून मी तिच्यावर किती वेळा खेकसलो असेन, मोजदाद नाही. तिचे वडील बैलांच्या पायांना पत्र्या ठोकतात, घर आणि कामाची जागा एकच आहे, हे मला दोन महिन्यांनी कळलं. त्यानंतर मी खेकसायचं बंद केलं. पुढे पुढे तर तो आवाज आला नाही की आज काम नाही वाटतं, असं मनात यायचं.

शबानाला जपानमधल्या वृद्धाश्रमात काम करायला जायचं होतं. भाषेची परीक्षा ती पास झाली, पण मुलाखतीत अडकली. 'रुग्ण औषध घेत नसेल तर त्याला काय सांगाल?' या प्रश्नाला ती गप्प बसली, ती बसलीच. पाठवणाऱ्या संस्थेने शेरा मारला, 'नियम ठामपणे सांगता येत नाहीत.' एकाला दोनच संधी मिळतात. दुसरी हुकली की सगळं शिक्षण पहिल्यापासून. ही दुसरी मुलाखत जानेवारीत होती. शबानाने मला संदेश पाठवला, "सर, एकदा समोरासमोर बसून तयारी करून घ्याल का? मी पुण्याला आले असते, पण दादांना सोडून येता येत नाही." दादा म्हणजे तिचे आजोबा. मी लगेच हो म्हणून टाकलं. खरं सांगायचं तर मला काष्टीहून पुढे कोल्हारलाही जायचं होतं. प्रवरेकाठचं कोल्हार माझं गाव, आणि तिथे मी पंचवीस वर्षांत पाय ठेवला नव्हता.

काष्टी

दौंडला गाडी बदलून काष्टीला उतरलो तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते आणि थंडी अजून अंगात होती. स्टेशनावर एक उंच, सडपातळ गृहस्थ माझी वाट बघत उभे होते. हाताची बोटं जाड, नखं काळी पडलेली, डोक्यावर जाळीची पांढरी टोपी. ते यासीनभाई, शबानाचे वडील. माझी बॅग त्यांनी मागितली नाही, फक्त उचलली. बॅगेत दोन कपडे आणि चित्रांचे दोनशे पत्ते होते, ते मी स्वतः चितारलेले. एकेक चित्र दाखवायचं आणि विद्यार्थ्याने त्यावर वाक्य करायचं, ही माझी जुनी पद्धत.

नेमका बाजाराचा दिवस होता. स्टेशनपासून घरापर्यंत आम्ही शेळ्या, बोकडं, दोरखंड, कांद्याची रोपं आणि पालं यांच्यामधून वाट काढत चाललो होतो. बॅगेची चेन कधी उसवली कळलं नाही. मागून एक बाई ओरडली, "ओ पावनं, तुमचे पत्ते सांडले." वळून बघतो तर रस्ताभर माझी चित्रं, आणि एक करडी शेळी त्यातलं 'दात घासणे' शांतपणे चावत होती. यासीनभाईंनी ते तिच्या तोंडातून काढायचा प्रयत्न केला, पण अर्धा ब्रश आत गेला होता. "राहू द्या," मी म्हटलं, "तिलाही घासायला हवेत." यासीनभाई पहिल्यांदा हसले.

घर वेशीबाहेर, श्रीगोंद्याच्या रस्त्याला. पुढे मोठं अंगण, त्यात एक लिंब, आणि लिंबाखाली त्यांचं काम. उसाचा हंगाम जोरात होता. कारखान्याला ऊस वाहणाऱ्या बैलगाड्या दिवसरात्र डांबरावर चालतात. पायाला लोखंडी पत्री नसेल तर बैलाचं खूर चार दिवसांत झिजून रक्ताळतं. त्यामुळे अंगणात रांग. पाथर्डीकडून तोडणीला आलेली माणसं बैल धरून उकिडवी बसलेली, बायका सरपणाची मोळी विकत घेऊन परस्पर कोप्यांकडे, आपल्या पाचटाच्या झोपड्यांकडे निघालेल्या.

मी आयुष्यात पहिल्यांदा पत्री मारताना जवळून पाहिलं. बैलाला दोरीचा फास देऊन आडवा पाडतात, चारी पाय एकत्र बांधतात, खूर तासून सपाट करतात, मग पत्री बसवून खिळे ठोकतात. खिळा जरा तिरका गेला की थेट जिवंत मांसात. यासीनभाई बैलाजवळ गेले की आधी नुसते उभे राहायचे. मग गळ्याखालच्या पोळीवर हात फिरवत बैलाशी बोलायचे, कुठून आलास, काल कुठं मुक्काम हुता, मालकानं पेंड घातली का न्हाई. बैलाची मान सैल पडली की मग दोरी. मी घड्याळ लावून पाहिलं, बोलण्यात जास्त वेळ जायचा आणि ठोकण्यात कमी. माझ्यातला शिक्षक म्हणाला, हा माणूस वेळ फुकट घालवतोय.

आमची शिकवणी त्याच अंगणात, घराच्या भिंतीला टेकून सुरू झाली. शबानाची आई चहा देऊन गेली. तो इतका गोड होता की जपानी चहाची सवय झालेल्या माझ्या जिभेला मुंग्या आल्या. पण कप खाली ठेवायच्या आत ती दुसरा घेऊन हजर, आणि दुसराही मी प्यालो.

सांगायचा मुद्दा होता एकच. जपानीत 'औषध घेतलंच पाहिजे' असं थेट म्हणत नाहीत. 'औषध न घेतलं तर चालायचं नाही' असा वळसा घालतात. नोमानाकेरेबा नारिमासेन. आपल्याला यातला अर्थ लगेच पटतो, कारण आपल्या घरीही 'अभ्यास केल्याशिवाय चालायचं नाही' असंच ऐकत आपण वाढलेलो असतो. अडते ती जीभ. मी चित्र दाखवायचो आणि शबाना म्हणायची. हात धुवावे लागतात. बूट काढावे लागतात. सातला उठावं लागतं. सगळं खडाखडा. रांगेतले गाडीवान सुद्धा ऐकून ऐकून 'नारिमासेन, नारिमासेन' करायला लागले.

पण मी म्हातारा झालो, खुर्चीत मान टाकून बसलो आणि "मला नको तुझं औषध" असं जपानीत म्हणालो, की शबानाचं तोंड मिटायचं.

"अगं, आत्ता दहा वेळा म्हणालीस ना?"

"म्हनले सर. पर ते वहीतलं हुतं."

"मग हेही वहीतलंच समज."

ती मान डोलवायची आणि पुन्हा वही उघडायची. दोन दिवसांवर मुलाखत, आणि गाडं अडलं होतं नेमकं पहिल्या वेळेच्याच ठिकाणी.

मला माझे शिकायचे दिवस आठवले. पुण्यात एका शाळेच्या मागच्या खोलीत लेलेबाई आम्हाला जपानी शिकवायच्या. सायक्लोस्टाईल केलेली पानं, त्यांना येणारा शाईचा वास, आणि बाईंचा खणखणीत आवाज. वर्ग सुटायच्या आधी प्रत्येकाने उठून आज आपल्याला काय करणं भाग आहे ते एका वाक्यात सांगायचं, मगच चप्पल पायात घालायची. कुणाला भाजी आणायची असे, कुणाला टंकलेखनाच्या वर्गाला जायचं असे. मी सदाशिव पेठेतल्या एका खोलीत तिघांत राहत होतो, मला कसलीच घाई नसायची. तरी मी रोज एकच वाक्य म्हणायचो, काएरानाकेरेबा नारिमासेन, मला घरी गेलंच पाहिजे. बाई हसून म्हणायच्या, "कोल्हारचे, तुम्हाला रोजच कसं हो घरी जायचं असतं?" ते वाक्य म्हणताना मला आमच्या मागच्या दाराचा पेरू दिसायचा आणि आई दिसायची. आज तो वर्ग नाही, बाई नाहीत, पण ते वाक्य म्हटलं की शाईचा वास अजून येतो.

दुपारी जेवायला बाजरीची भाकरी, मेथीची भाजी, शेंगदाण्याचा ठेचा आणि वाटीभर मटणाचा रस्सा. मी रस्सा मागून घेतला. माझ्या वयाच्या माणसाने मागून घेऊ नये इतक्या वेळा मागून घेतला.

जेवणानंतर दादांच्या गोळ्यांची वेळ झाली. दादा पंच्याऐंशीच्या पुढचे, एके काळचे नावाजलेले नालबंद. आता बाजेवर बसून असतात आणि गोळ्या दिसल्या की तोंड फिरवतात. शबाना गोळ्या मुठीत घेऊन त्यांच्या शेजारी बसली. तिने गोळ्यांचा विषयच काढला नाही.

"दादा, ढवळगावचा त्यो बैल पाडाया किती मानसं लागली हुती वं?"

"सात," दादा म्हणाले. "सात न्हवं, आठ. आठवा मी."

"आन मग?"

मग दादांनी तो सगळा बैल पुन्हा एकदा पाडला. हातवारे करून, धापा टाकत. सांगता सांगता घसा कोरडा पडला. शबानाने पाण्याचा पेला पुढे केला, दुसऱ्या हातावर गोळ्या. दादांनी त्या न बघता घेतल्या आणि बैलाची गोष्ट पुढे चालू ठेवली.

मी हे सगळं समोर बसून पाहिलं. पाहिलं, आणि तरी माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. मी म्हटलं, "झालं ना? चला, आता पुढचं चित्र."

संध्याकाळी मी तिला विचारलं, इतकी धडपड करून तिकडेच का जायचंय? ती भिंतीवरच्या उन्हाकडे बघत म्हणाली, "सर, दादांना धरून उठवायचं, न्हाऊ घालायचं, मला ते आवडतं. चांगलं जमतं बी. पर हितं त्याला कुनी काम म्हनत न्हाई. तिकडं म्हनतात."

श्रीगोंदा

काष्टीला इंटरनेट वाऱ्यावर चालतं, म्हणून मुलाखत श्रीगोंद्याच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये ठरली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघे वडापच्या, म्हणजे सीटवारी भरणाऱ्या जीपने निघालो. ऐन हंगामात यासीनभाईंनी दिवसभराचं काम बंद ठेवलं होतं. पांढरा इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि नखं घासघासून लाल केली होती. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच तोडून मोकळं झालेलं रान, पाचट जाळल्याचा वास. कारखान्याची मळी तर दोन मैलांवरून सांगते की श्रीगोंदा आलं. वाटेत यासीनभाई मुलीला एक शब्द बोलले नाहीत. चांगलं बोल, घाबरू नकोस, असलं काहीही नाही. मला ते जरा खटकलं. मीच बापडा वाटभर सूचना देत होतो.

मुलाखत साडेदहाला सुरू झाली. पडद्यावर दोघं, संस्थेचा सुटाबुटातला एक तरुण आणि वृद्धाश्रमाच्या प्रमुख परिचारिका, पिकल्या केसांच्या, साठीच्या आसपासच्या. मी पडद्यामागे, कॅमेऱ्यात दिसणार नाही असा बसलो. यासीनभाई बाहेरच थांबले. शबानाने वाकून नमस्कार केला, नाव सांगितलं, गाव सांगितलं. वडील काय करतात ते सांगताना तिने 'नालबंद' शब्द तसाच ठेवला आणि हाताने ठोकून दाखवलं. बाई हसल्या. मला हुरूप आला.

तरुणाने विचारलं, "सकाळी वृद्धांच्या खोलीत गेल्यावर सगळ्यांत आधी काय करावं लागतं?"

हात धुवावे लागतात. आम्ही हे वीस वेळा घोकलं होतं.

"चहा झाला का, असं विचारावं लागतं," शबाना म्हणाली.

वाक्यात एकही चूक नव्हती, उत्तर मात्र थेट काष्टीचं होतं. तरुणाने खाली मान घालून काहीतरी लिहिलं.

तेवढ्यात बाहेरून उसाचा ट्रॅक्टर गेला. ज्यांनी हे ट्रॅक्टर पाहिले नाहीत त्यांना सांगतो, मागे दोन ट्रॉल्या ऊस आणि पुढे लग्नाच्या वरातीला लाजवतील असे गाणी वाजवणारे कर्णे. खोलीच्या काचा थरथरल्या. पडद्यावरच्या बाईंनी कानाला हात लावला. तो जातो न जातो तोच दुसरा येताना ऐकू आला, आणि एकदम त्याचं गाणं बंद पडलं. मी खिडकीतून पाहिलं. यासीनभाई भर रस्त्यात हात वर करून उभे होते. ट्रॅक्टरवाल्याला त्यांनी काय सांगितलं कुणास ठाऊक, पण तो गाणं बंद करून, मान डोलवून हळू निघून गेला. मागून बैलगाड्या आल्या, गाडीवानांनी बैलांच्या घुंगरमाळा हाताने धरल्या. पत्री मारणाऱ्याला या रस्त्यावर सगळेच ओळखतात. पुढची वीस मिनिटं ते इस्त्रीचा शर्ट घालून तसेच उन्हात उभे होते.

आणि तो प्रश्न आला. बाई स्वतः म्हाताऱ्या झाल्या. खांदे पाडून, तोंड वाकडं करून म्हणाल्या, "मला नको औषध. घेऊन जा."

मी पडद्यामागून ओठ हलवून दाखवले, नो-मा-ना-के-रे-बा. बोट नाचवलं. जवळजवळ उभाच राहिलो. शबानाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती बाईंच्या पडलेल्या खांद्यांकडे बघत राहिली. मागच्या वेळेसारखंच झालं, मी मनात म्हटलं, संपलं सगळं.

मग ती जपानीत म्हणाली, "आजी, आज थंडी फार आहे नाही?"

"आहे," बाई म्हणाल्या.

"तुमच्या गावाला थंडी लागताना काय पिकतं?"

बाई थबकल्या. मग म्हणाल्या, "काकी." हे टोमॅटोसारखं दिसणारं एक गोड फळ आहे. "माझे वडील दोरीला टांगून वाळवायचे."

"किती दिवस वाळवायचे?"

बाई सांगत राहिल्या. शबाना 'हो का, मग पुढे' करत राहिली, क्रियापदं चुकत, शब्द शोधत. शेवटी हात पुढे करून म्हणाली, "पाणी आणलंय. घेऊ या?" बाईंनी रिकामा तळहात तोंडाशी नेला.

एवढंच झालं. निकाल दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळवू म्हणाले.

रस्त्यावर येताच मी सुटलो. "दीड वर्ष शिकवलं, पुण्याहून इथवर आलो, आणि ऐन वेळी तू फळांच्या गप्पा मारतेस? त्यांना ठामपणे सांगणारी मुलगी हवी होती. तेच एक वाक्य हवं होतं."

शबानाच्या डोळ्यांत पाणी आलं. "सर, म्हातारं मानूस समोर बसलं की तोंडातून निघतच न्हाई. घ्यायलाच पायजे, असं मी दादांना कधी म्हनलेच न्हाई. आमच्यात लेकरांना तसं म्हनत्यात."

"तुमच्यात काय म्हणतात ते त्यांना काय करायचंय?"

यासीनभाई मध्ये पडले. आवाज न चढवता म्हणाले, "सर, रागावू नका. बैल पाडाया दोरी लागती, व्हय. पर दोरीच्या आदी त्याला वाटाया पायजे की ह्यो मानूस आपला हाय. न्हाईतर धा मानसं लावा, त्यो पडत न्हाई."

"मुलाखत म्हणजे बैल नव्हे, यासीनभाई," मी म्हणालो आणि नगरच्या एसटीत चढलो. खिडकीतून शबानाने डबा आत दिला. गाडी सुटली तरी मी मागे वळून पाहिलं नाही. हे लिहिताना मला त्याची लाज वाटते.

कोल्हार

नगरचं आता अहिल्यानगर झालं, पण कंडक्टर अजून 'नगर, नगर' असंच ओरडतात. रात्री तिथे मुक्काम करून सकाळी मनमाड रस्त्याला लागलो. त्या रस्त्याने हाडांचा हिशोब घेत घेत मला कोल्हारच्या पुलाजवळ उतरवलं. प्रवरेला पाणी होतं. घाटावर उभा राहिलो, पण मला ओळखणारं कुणी नव्हतं आणि मलाही कुणाचा चेहरा ओळखू आला नाही.

वडील इथे शाळेत शिक्षक होते. शाळेमागे दोन खोल्यांत आम्ही भाड्याने राहायचो. त्या जागी आता औषधांचं दुकान आहे. परस होतं तिथे मोटारसायकली लावतात. आमचा पेरू असेल अशी वेडी आशा नव्हती, तरी मी दुकानाच्या मागे जाऊन बघून आलो. दुकानदाराने विचारलं, "काय पायजे बाबा?" मी एक खोकल्याची बाटली घेऊन बाहेर पडलो.

रस्त्याच्या कडेला एक बाई पाटीत पेरू घेऊन बसली होती. एक पिशवी भरून घेतले आणि देवळाच्या पायरीवर बसून डबा उघडला. दोन भाकरी, ठेचा, आणि वर वहीचं घडी घातलेलं पान. शबानाचं अक्षर, जपानीत. 'थंडी आहे. घाटावर वारा असेल. कानटोपी बॅगेत वरच ठेवली आहे.' मी बॅग उघडली. कानटोपी वरच होती.

'टोपी घाला' असं तिने लिहिलं नव्हतं. मी त्या पानाकडे बघत बसलो आणि मला जपानमधली माझी घरमालकीण आठवली. तरुणपणी कंपनीने मला दोन वर्षं तिकडे धाडलं होतं, एका लहान गावात. संध्याकाळी भरून आलं की ती दाराशी येऊन म्हणायची, "पाऊस येणारसं दिसतंय." मी वर बघून म्हणायचो, "हो, दिसतंय खरं." आणि माझे वाळत घातलेले कपडे भिजायचे. कपडे काढायला सांगायला ती आली होती हे कळायला मला सहा महिने लागले. तिथे म्हाताऱ्या माणसाला 'घेतलंच पाहिजे' असं कुणी तोंडावर म्हणत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. आणि काल त्याच गोष्टीसाठी एका मुलीला भर रस्त्यात रडवून आलो होतो.

मग पेरूचा वास आला आणि आई आठवली. त्या दोन वर्षांत तिचं महिन्याला एक पत्र यायचं. खुशाली, पाऊसपाणी, आणि सगळ्यांत शेवटी, 'परसातला पेरू लागलाय.' पुढच्या पत्रात, 'पेरू उतरत आला, पाखरं खातात.' एकदा विचारलं होतं, 'तिकडे पेरू मिळतात का रे?' मी उत्तरात जपानी सफरचंदांची सविस्तर माहिती लिहिली होती. जाती, रंग, कुठल्या भागात होतात. 'ये' हा शब्द आईने एकाही पत्रात लिहिला नाही. दुसऱ्या हिवाळ्यात ती गेली. मी पोचलो तेव्हा तेरावाही होऊन गेला होता. रोज संध्याकाळी लेलेबाईंच्या वर्गात 'मला घरी गेलंच पाहिजे' म्हणणारा मी, आणि माझ्या आईचं तेच वाक्य मला वाचता आलं नाही. पायरीवर बसून मी रडलो. देवळात रडणाऱ्या म्हाताऱ्याकडे कुणी लक्ष देत नाही, ते एक बरं.

पाचच्या सुमाराला फोन वाजला. शबाना होती. मागे हातोडीचा आवाज येत होता.

"सर, घेतलं मला. एप्रिलात जायचंय."

मी काही बोलायच्या आत तिने पुढे सांगितलं. वृद्धाश्रमाच्या त्या बाईंनी संस्थेला कळवलं होतं, 'नियम आमच्या भिंतीवर लिहिलेले आहेत, ते ती शिकेल. माझ्या वडिलांच्या काकीबद्दल मात्र मला बऱ्याच वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.'

"शबाना," मी म्हणालो, "काल मी चुकलो. तुझं बरोबर होतं."

"न्हाई सर, असं म्हनू नका." मग ती हसली. "अब्बांना बोलायचंय."

हातोडी थांबली. यासीनभाई फोनवर आले.

"सर, तिकडं थंडी लई असती का?"

मी सवयीने सुरू केलं, की कुठल्या भागात ती जाणार त्यावर अवलंबून आहे, उत्तरेला बर्फ पडतो, दक्षिणेला—

"बरं," यासीनभाई म्हणाले. "तरी बी, किती असती?"

मी थांबलो. हातात पेरू होता. या माणसाला अंशांशी काही देणंघेणं नव्हतं. काल वीस मिनिटं रस्त्यात उभं राहून त्याने मुलीशी एक शब्द न बोलता जे केलं होतं, तेच तो आता फोनवर करत होता.

"यासीनभाई, फोन शबानाकडे द्या."

ती आली. मी म्हणालो, "तुला शेवटचा गृहपाठ देतो. तू तिकडे गेलीस की अब्बा दर फोनला विचारतील, थंडी किती आहे. तेव्हा अंश सांगत बसू नकोस."

"मग काय सांगू, सर?"

"कधी येतेस ते सांग. तारखेसकट."

पलीकडून वहीचं पान उलटल्याचा आवाज आला, आणि त्याच्या मागून पुन्हा हातोडीचा.